सुधारणा आणि सत्तेचा मद

व्हिएतनामच्या आधुनिक इतिहासात मादाम न्हू यांच्याइतका तिरस्कार क्वचितच कोणा स्त्रीच्या वाट्याला आला असेल. २०११ साली रोममध्ये, विजनवासातच त्यांचे निधन झाले. मात्र, तिरस्काराच्या या पडद्याआड त्यांचे एक मोलाचे कार्य झाकले गेले आहे, हेही नमूद केले पाहिजे.

दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष न्गो दिन्ह दिएम अविवाहित होते. त्यामुळे त्यांच्या बंधूंच्या या पत्नीकडेच राष्ट्राच्या प्रथम महिलेचा मान आला. नॅशनल असेंब्लीच्या सदस्य या नात्याने १९५८ साली त्यांनी कुटुंब कायदा पुढे रेटला. बहुपत्नीत्व आणि रखेली ठेवण्याची जुनी प्रथा त्याने बेकायदा ठरली. विवाहितेला मालमत्तेचे हक्क मिळाले. साम्यवादी उत्तर व्हिएतनामनेही १९५९ साली एकपत्नीत्वाचा कायदा केला. परस्परांचे वैरी असलेल्या दोन्ही राजवटींना ही सुधारणा आवश्यक वाटली, यातच तिची योग्यता सिद्ध होते.

परंतु त्याच कायद्याने घटस्फोट जवळजवळ अशक्य केला. १९६२ साली नृत्य, सौंदर्यस्पर्धा आणि संततिनियमनाची साधने यांवरही बंदी आली. अन्यायाचे निवारण करणारा हात आता प्रजेच्या घरात शिरू लागला. त्याच वर्षी सायगावात चिनी सत्तेशी झुंजलेल्या त्रुंग भगिनींचा पुतळा उभारला गेला, तेव्हा त्या चेहऱ्यांत लोकांना मादाम न्हूच दिसल्या!

खरी कसोटी १९६३ साली लागली. ह्वे येथे बुद्धजयंतीला बौद्ध ध्वज लावण्यास मनाई झाली. काही दिवसांपूर्वीच तेथे कॅथलिक ध्वज फडकले होते. ८ मे रोजी निषेध करणाऱ्या जमावावर कारवाई झाली आणि निरपराध माणसे बळी पडली. ११ जूनला भिक्षू थिक क्वांग डुक यांनी सायगावच्या चौरस्त्यावर आत्मदहन केले. मादाम न्हू यांनी त्या ज्वाळांना मांस भाजण्याची उपमा दिली. ज्या समाजात बौद्ध परंपरा शतकानुशतके रुजली होती, त्याच्या हृदयावरचा हा घाव होता. अमेरिकेत राजदूत असलेल्या त्यांच्या वडिलांनीही सरकारच्या या धोरणाच्या निषेधार्थ पद सोडले.

नोव्हेंबरमध्ये उठाव झाला; दिएम व न्हू हे दोघे बंधू मारले गेले. जमावाने तो पुतळाही पाडला. पुतळ्यासोबत त्रुंग भगिनींचा मानही धुळीस मिळाला, हे दुर्दैव.

समाज कठोर सुधारकाला एक वेळ क्षमा करतो. आपल्या श्रद्धेची आणि दुःखाची थट्टा करणाऱ्याला मात्र करीत नाही. मादाम न्हू यांचा कायदा हजारो स्त्रियांच्या हिताचा होता, तरी जगाच्या स्मरणात राहिले ते त्यांचे एक निष्ठुर वाक्य.