चालणाऱ्यांच्या जिल्ह्यात डोंगर मात्र गाडीने

गांधीजी ३० एप्रिल १९३६ला मगनवाडीतून शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला निघाले ते पायी. वर्ध्याच्या एप्रिलात! विनोबांनी ८ मार्च १९५१ला सेवाग्राम सोडले आणि हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीचे सर्वोदय संमेलन चालत गाठले. त्याच वाटचालीत १८ एप्रिलला पोचमपल्लीत पहिले भूदान मिळाले. देशाला चालायला लावणाऱ्या या जिल्ह्यात आज सुट्टीचा डोंगर म्हटले की लोक आधी गाडीची किल्ली शोधतात. ‘आपल्याकडे डोंगर आहेतच कुठे?’ हा प्रश्न वर ठेवलेलाच असतो.

आहेत. सह्याद्रीसारखे नाहीत, एवढेच. कळसूबाई १,६४६ मीटर आणि वर्धा शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीचशे मीटरच्या आतबाहेर. तुलना करण्यात अर्थच नाही. पण समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडला गेलेल्या माणसाला ठाऊक असते, की सपाट कपाशीच्या रानातून अचानक उठलेली टेकडी उंचीपेक्षा मोठी वाटते. वर शेख फरीदबाबांचा दर्गा, जवळ तलाव आणि खाली लांबवर पसरलेली काळी जमीन.

गिरडची खरी श्रीमंती पायाखाली आहे. टेकडीवर गोल, गुळगुळीत दगड विखुरलेले आहेत. दोन बंजारा व्यापाऱ्यांनी फकिराची टिंगल केली आणि त्यांच्याकडचे नारळ व इतर माल दगड होऊन बसला, ही कथा तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. व्यापाऱ्यांनी माफी मागितली, तेव्हा बाबांनी सुक्या पानांतून नवा माल करून दिला. ते मग कायमचे सेवेत राहिले आणि त्यांच्या कबरीही टेकडीवरच दाखवतात. भूशास्त्राची गोष्टही कमी रंगतदार नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर साचले. लाव्हा थिजताना आतल्या वायूचे बुडबुडे पोकळ्या होऊन राहिले. पुढे त्यांत झिरपलेल्या गरम पाण्यातून झिओलाइटसारखी खनिजे साचली. बाजूचा खडक झिजून त्याचा मुरूम झाला आणि या गाठी सुट्या होऊन बाहेर पडल्या. दोन्ही गोष्टी ऐकायच्या तर खाली वाकून दगड बघावा लागतो. चालत्या गाडीच्या काचेतून तो दिसत नाही.

पाणी आणि डोंगर यांची जिल्ह्यातली सर्वांत देखणी जोडी मात्र सेलू तालुक्यात, बोर धरणापाशी आहे. तिथल्या सागाच्या टेकड्या चढाव्यात असे कोणालाही वाटेल, पण चढता येत नाहीत आणि ते योग्यच आहे. बोर १९७०मध्ये अभयारण्य झाले, २०१४मध्ये व्याघ्रप्रकल्प. गाभ्याचे क्षेत्र साधारण १३८ चौरस किलोमीटर, देशातल्या सर्वांत लहान व्याघ्रप्रकल्पांत जमा होणारे. एवढ्याशा जागेत वाघाने राहायचे आणि माणसांनी हौसेने हिंडायचे, हे जमणारे नाही. ताडोब्यात नोव्हेंबर २०२१मध्ये पायी फिरून वाघांच्या खुणा नोंदवणारी वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात दगावली. ती तर जंगल जाणणारी, सोबत्यांसह कामावर असलेली होती. तेव्हा बोरच्या टेकड्यांचा हट्ट पर्यटकांनी सोडावा.

बाकीच्या टेकड्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. वैदर्भीय माणसाला चढ झेपत नाही हे कारण तर मुळीच चालणार नाही. महाशिवरात्रीला पचमढीजवळच्या चौरागडावर खांद्यावर त्रिशूळ घेऊन हजाराहून अधिक पायऱ्या चढणाऱ्यांत विदर्भातली गावेच्या गावे असतात. नागपंचमीच्या सुमारास नागद्वारच्या यात्रेत भर पावसात, निसरड्या कड्यांवरून म्हाताऱ्या बायका अनवाणी जातात. नागद्वार तर सातपुडा व्याघ्रप्रकल्पात आहे. तिथली पायवाट वर्षातले मोजके दिवस, बंदोबस्तात उघडते. म्हणजे पाय आहेत, सवय आहे, शिस्तीचा नमुनाही शेजारी आहे. देव नसेल तर चढायचेच कशाला, ही समजूत तेवढी आडवी येते.

रामटेकमध्ये निदान निवड करता येते. अंबाळा तलावाकडून जुन्या दगडी पायऱ्यांनी गड चढता येतो, नाहीतर डांबरी रस्त्याने गाडी वर नेता येते. बहुतेक जण गाडीच नेतात, पण पायऱ्या शाबूत आहेत. वर्ध्यातल्या टेकड्यांना एवढे तरी मिळावे. पर्यटनविकास म्हटला की सिमेंटचा रस्ता, पेव्हर ब्लॉक, कमान आणि वाहनतळ, हा आराखडा गिरडला लावला तर गोल दगड सिमेंटखाली जातील आणि बघण्यासारखे थोडेच उरेल. त्यापेक्षा मुरमाची एक पायवाट आखावी, घसरणीच्या जागी दगडी टप्पे द्यावेत, पाण्याची सोय करावी, खडकांची माहिती सांगणारा मराठी फलक लावावा. खर्च एका कमानीपेक्षा कमी येईल.

जाणाऱ्यांनीही काही पाळावे. गिरडच्या आसपासच्या जंगलातही वाघाचा वावर असतो. म्हणून वनविभागाकडे चौकशी करून, दिवसाउजेडी आणि सोबतीनेच जावे. मार्च ते नवतपा टाळावा, कारण पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा छोटी टेकडीही जिवावर बेतते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. दर्ग्याच्या आवारात आवाज नको, तलावाकाठी प्लास्टिक नको. आणि दगड खिशात घालून आणू नयेत.