जागेचे भाडे आणि डिझेलचा भाव : हिशेब एकत्र मांडा

विक्री होते, पण महिनाअखेर गल्ल्यात काही उरत नाही, ही तक्रार सातारा आणि सांगलीच्या बाजारपेठांत रोज कानी येते. कोणी ऑनलाईन खरेदीला दोष देतो, कोणी गिऱ्हाइकाच्या बदललेल्या आवडीला. त्यात तथ्य आहे. परंतु कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली, आणि आमची वही सांगते की बरकत दोन ठिकाणी अडते : जागेचे भाडे आणि तेल. आपण हे दोन खर्च वेगवेगळे समजतो. वास्तविक एक वाढला की दुसराही वाढतो.

प्रथम तेलाचे पाहू. पेट्रोलचा भाव 2010 साली सरकारी नियंत्रणातून मोकळा झाला, डिझेलचा 2014 साली. जून 2017 पासून भाव रोज बदलू लागले आणि 2021 साली महाराष्ट्रात पेट्रोलने शंभरी ओलांडली. पुढे केंद्राने नोव्हेंबर 2021 व मे 2022 मध्ये उत्पादन शुल्क कमी केले. राज्याने जुलै 2022 मध्ये व्हॅट घटवून पेट्रोल 5 आणि डिझेल 3 रुपयांनी उतरवले. पण अनुभव असा की डिझेल चढले की हुंडेकऱ्याचे बिल लगेच चढते, उतरले तर ते जागचे हलत नाही.

दुसरी बाब कराची. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला. कापड त्यात आले, पेट्रोल-डिझेल बाहेर राहिले. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला कापडाच्या खरेदीवर भरलेला कर पुढे वजा मिळतो. डिझेलवरचा कर वजा मिळत नाही, तो मालाच्या किमतीत मुरतो. पुणे-सुरतेचा माल आनेवाडीचा टोल भरून साताऱ्यात येतो, इचलकरंजी-सांगलीकडचा तासवड्याचा. हा सर्व भार शेवटी ताक्यावर चढतो, आणि पाच रुपये जास्त सांगितले तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाते.

आता जागेकडे वळू. महामार्ग चौपदरी झाला तसे पुणे जवळ आले. साताऱ्याची हद्दवाढ 2020 साली होऊन शाहूपुरीसारखा भाग नगरपालिकेत आला. सांगलीत वेगळे कारण घडले. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये कृष्णेचे पाणी मारुती रोड, गणपती पेठेत शिरले. कापडाचे ताके भिजले, शिलाई यंत्रे गंजली. मग पाणी न येणाऱ्या जागेची मागणी वाढली, आणि मागणी वाढली की भाव वाढतो.

घरांचा बाजार तेजीत आला की आपल्यातील अनेकांना काम मिळते, हे नाकारता येणार नाही. फॅब्रिकेशनवाला, फरशी बसवणारा, रंगारी, सोफा शिवणारा, सर्वांचे हात चालतात. आमचेही पडद्याचे कापड खपते. परंतु त्याच तेजीने त्याच कारागिराच्या घराचे आणि गाळ्याचे भाडे वाढते. मग तो घर शहराबाहेर नेतो आणि तेथून त्याची गाठ पुन्हा तेलाशी पडते.

एका शिंप्याचा हिशेब करून पाहा. त्याने घर पेठेतून आठ किलोमीटर बाहेर नेले आणि भाड्यात महिना 2,000 रुपये वाचवले. दुपारी जेवायला घरी गेला तर दिवसाला 32 किलोमीटर, 26 दिवसांचे 832. मोटारसायकल लिटरला 45 देते असे धरले तर साडेअठरा लिटर पेट्रोल. शंभर रुपये भावानेसुद्धा 1,850 रुपये झाले. दीडशे रुपये वाचवण्यासाठी तो रोज दोन वेळा रस्ता तुडवतो आणि शिलाईचा तासभर घालवतो.

येथे आमची स्वतःची चूकही सांगितली पाहिजे. आमच्या दुकानामागे आमच्याच मालकीचा एक गाळा आहे. तेथे एक नदाफ चाचा गाद्या भरत. आसपास भाडी वाढली तसे आम्हीही चाचांना महिना 1,500 रुपये वाढवून मागितले. चाचा भांडले नाहीत. चावी दिली आणि पिंजण्याचे यंत्र शहराबाहेर नेले. तेथून गादी गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायला प्रत्येक वेळी टेम्पोचे भाडे पडू लागले. गिऱ्हाईक तयार फोमच्या गादीकडे वळले. वर्षभरात चाचांनी यंत्र विकले. त्यांचा मुलगा आज पार्सल पोचवण्याचे काम करतो, पेट्रोल स्वतःचे घालून.

आणि आम्ही काय कमावले? गाळ्यात मोबाईलवाला आला, आठ महिन्यांत गेला, मग तीन महिने कुलूप. चाचांकडे गादी भरायला येणारे लोक आमच्याकडून गादीपाट आणि उशांच्या अभ्र्यांचे कापड नेत. ती विक्री बुडाली. 1,500 रुपयांसाठी आम्ही त्याहून जास्त घालवले आणि एका घरातून पिढ्यांचा हुन्नर गेला. दोष बाजाराचा होता असे आम्ही बरेच दिवस म्हणत होतो. तो आमचाही होता.

मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. मोठ्या अभिमानाची गोष्ट आहे. पण कारखान्याची जागा परवडली नाही तर मानांकन कागदावर राहील. हुन्नर टिकवायचा तर जागाही टिकली पाहिजे.

करता येण्यासारख्या गोष्टी चार आहेत. एक, भाडे, डिझेल, टोल आणि स्वतःच्या गाडीचे पेट्रोल वहीत एकाच पानावर मांडा. घर किंवा दुकान हलवण्याआधी ते पान पाहा. दोन, माल एकत्र आणा. इचलकरंजीहून साताऱ्याला टेम्पो जाऊन-येऊन सुमारे 280 किलोमीटर चालतो. लिटरला 10 किलोमीटर धरले तर 28 लिटर, 90 रुपयांनी 2,520 रुपये. त्यात दहा गठ्ठे असतील तर गठ्ठ्यामागे 252 रुपये, चाळीस असतील तर 63. चार दुकानदारांनी आठवड्याचा एक वार ठरवला तर हे सहज जमते.

तीन, गाळ्याचा करार लेखी करून नोंदवून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 55 प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. लेखी नोंदवलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. याच कायद्यात भाडेकरूची वार्षिक वाढ 4 टक्के सांगितली आहे. मात्र अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सला ते संरक्षण नाही, म्हणून सही करण्यापूर्वी कागद नीट वाचा.

चौथी गोष्ट आपल्यातील गाळेमालकांना. डिझेलचा भाव आपल्या हातात नाही, गाळ्याचे भाडे आहे. जो कारागीर आपल्या दुकानाला गिऱ्हाईक आणतो, त्याला बाजारभावाच्या तराजूत तोलू नका. वाढ जरूर घ्या, पण त्याला झेपेल अशी, आणि आधी सांगून. आमचा गाळा सध्या पुन्हा रिकामा आहे. पिंजण्याचे यंत्र असलेला कोणी नदाफ बंधू भेटला तर जुन्याच भाड्याने देण्याचे आम्ही ठरवले आहे.