संगणकावरील खेळ : मालकी कोणाची?

गाळा स्वतःच्या मालकीचा असणे आणि पागडीने घेतलेला असणे, यांतील फरक व्यापारी घरांत समजावून सांगावा लागत नाही. पागडीच्या गाळ्यासाठी रक्कम मोठी मोजलेली असते, ताबाही असतो. परंतु भिंत हलवायची किंवा गाळा दुसऱ्याच्या नावे करायचा झाला, तर घरमालकाची संमती लागते. घरातील मुले संगणकावरील खेळांसाठी जे पैसे मोजतात, तो व्यवहार या दोहोंपैकी कोणत्या प्रकारचा आहे, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही.

पूर्वी खेळ खोक्यातून घरी येत असे. बाजारातून सीडी आणावी, ती संगणकात घालावी, की खेळाच्या साऱ्या फाइली एका साध्या फोल्डरमध्ये येऊन बसत. त्या उघडता येत, त्यांची प्रत करून ठेवता येई आणि जाणकार त्यांत फेरफारही करीत. अशा फेरफारांना ‘मॉड’ म्हणतात. १९९९ साली हौशी मंडळींनी ‘हाफ-लाइफ’ या खेळावर असेच काम करून ‘काउंटर-स्ट्राइक’ घडविला आणि पुढच्याच वर्षी मूळ खेळाच्या निर्मात्या व्हॉल्व्ह कंपनीने तो रीतसर विक्रीस आणला. फोल्डर उघडे होते म्हणूनच हा नवा माल जन्माला आला.

जुलै २००८ मध्ये ॲपलने आयफोनसाठी ॲप स्टोअर उघडले आणि निराळी रीत रुळली. माल एकाच दुकानातून मिळावा, दुकानदाराने तो तपासावा आणि विक्रीवर ३० टक्के अडत घ्यावी, अशी ती रीत. तिच्या सोयी खऱ्याच आहेत. एका स्पर्शात खेळ येतो, विषाणूंची धास्ती कमी होते आणि काढून टाकल्यावर मागे पसारा राहत नाही. मात्र किल्ली दुकानदाराकडे राहते. २०१७ साली आयओएस ११ ही प्रणाली आली आणि तिच्यावर जुनी ३२-बिट ॲप चालेनाशी झाली. ज्या खेळांची सुधारित आवृत्ती निर्मात्यांनी काढली नाही, ते पैसे देऊन घेतलेले असूनही उघडेनात. याउलट विंडोजसाठी वीस वर्षांपूर्वी लिहिलेले कित्येक प्रोग्राम आजही चालतात.

हीच रीत संगणकावर आणण्याचा प्रयत्न मायक्रोसॉफ्टने २०१५ च्या विंडोज १० पासून नेटाने केला. जानेवारी २०१६ मध्ये ‘राइज ऑफ द टूम रेडर’ हा खेळ विंडोज स्टोअर आणि स्टीम अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी विक्रीस आला, तेव्हा ग्राहकांना तुलना करण्याची संधी मिळाली. स्टोअरच्या प्रतीत फोल्डर कुलूपबंद होते. मॉड घालता येत नव्हते, दोन ग्राफिक्स कार्डे जोडून चालविता येत नव्हती आणि पडद्याच्या गतीशी चित्राची सांगड घालणारी व्ही-सिंक ही सोय बंदही करता येत नव्हती. मार्च २०१६ मध्ये एपिक गेम्सचे संस्थापक टिम स्वीनी यांनी ‘द गार्डियन’मध्ये लेख लिहून या बंदिस्त रचनेला जाहीर विरोध केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘कॉल ऑफ ड्यूटी : इन्फिनिट वॉरफेअर’ आला, तेव्हा विंडोज स्टोअरच्या ग्राहकांना स्टीमच्या ग्राहकांबरोबर खेळताच येईना. खेळ तोच असूनही दुकान वेगळे म्हणून मैदान वेगळे झाले.

ग्राहकांनी पाठ फिरविली तेव्हा दुकानाला नियम बदलावे लागले. व्ही-सिंकची अडचण मे २०१६ मध्येच दूर झाली. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने जुन्या डेस्कटॉप पद्धतीच्या खेळांना आपल्या स्टोअरचे दार उघडले आणि ऑगस्ट २०२१ पासून संगणकावरील खेळांवरील अडत ३० वरून १२ टक्क्यांवर आणली. एपिकने डिसेंबर २०१८ मध्ये स्वतःचे दुकान १२ टक्क्यांवरच सुरू केले होते. ग्राहकाला दुसऱ्या दुकानात जाण्याची वाट मोकळी होती, म्हणूनच हे घडले. फोनवर ती वाट अरुंद आहे.

तथापि डेस्कटॉपचा खेळ घेतला म्हणजे मालकी मिळालीच, असेही नाही. २००३ साली सुरू झालेले स्टीमही ग्राहकाला परवानाच देते. फोल्डर उघडे असते, पण खाते दुकानदाराच्या वहीत असते आणि ते दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. युबिसॉफ्टचा २०१४ सालचा ‘द क्रू’ हा खेळ एकट्याने खेळतानाही कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला असावा लागे. ३१ मार्च २०२४ रोजी तो सर्व्हर बंद झाला आणि सीडी कपाटात असणाऱ्यांचाही खेळ संपला. कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा लागू केला की, केवळ परवाना देणाऱ्या दुकानाने ‘खरेदी’ हा शब्द वापरताना ती गोष्ट ग्राहकाला स्पष्ट सांगावी. जो माल कायमचा उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय वापरता येतो, त्याला या कायद्यातून सूट आहे. २००८ पासून चालणारे जीओजी हे दुकान अशाच कुलूपविरहित प्रती विकते.

म्हणून मुलाने खेळासाठी पैसे मागितले, तर नकार देण्यापूर्वी किंवा होकार देण्यापूर्वी त्याच्याशेजारी बसून तीन गोष्टी पाहाव्यात. इंटरनेट बंद असताना हा खेळ चालतो का? त्याची प्रत स्वतःच्या हार्ड डिस्कवर जपून ठेवता येते का? न आवडल्यास पैसे परत मिळतात का, आणि किती दिवसांत? स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळले असल्यास परतावा मागता येतो. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नकारार्थी आली, तरी खेळ घेण्यास हरकत नाही. मात्र त्याची किंमत पागडीची म्हणून ठरवावी, मालकीची म्हणून नव्हे.