‘स्टॅगर’ आणि आपला आळस

‘स्टॅगर’ला मराठीत नेमका शब्द नाही, हे अनुवादकांचे रडगाणे आता पुरे झाले. शब्द नाही म्हणायचे आणि सगळीकडे ‘लडखडणे’ लावून मोकळे व्हायचे. मग दारुडा लडखडतो, जखमी शिपाई लडखडतो, म्हातारी लडखडते आणि सरकारही लडखडते. हिंदीशी माझे भांडण नाही; ‘लड़खड़ाना’ तिथे आपल्या घरात आहे. भांडण आहे ते आपल्या आळसाशी.

वस्तुस्थिती उलट आहे. भीतीने किंवा अशक्तपणाने पाय लटपटतात. दारू किंवा झोप चढलेला माणूस झोकांड्या खातो. अचानक तोल जाऊन माणूस भेलकांडतो. दगड लागला की ठेचकाळतो. स्टूल डुगडुगते, घागरीतले पाणी हिंदकळते, सिंहासन डळमळते. तोल कोणाचा गेला आणि कशाने गेला, हे मराठी क्रियापद बरेचदा स्वतःच सांगून टाकते.

इंग्रजी शब्द ते सांगत नाही. ‘स्टॅगर’चे मूळ जुन्या नॉर्समधल्या ‘ढकलणे’ या अर्थाच्या धातूत आहे. कोणी ढकलले, दारूने, भुकेने की एखाद्या बातमीने, हे वाक्याच्या संदर्भावर सोडलेले असते. तो संदर्भ वाचणे हेच अनुवादकाचे काम.

मी स्वतः ते एकदा केले नाही. रात्रपाळी करून उपाशीपोटी घरी निघालेला एक कामगार माझ्या अनुवादात ‘झोकांड्या खात’ चालला. एका वाचकाने साधेपणाने विचारले, ‘एवढी प्यायला कधी?’ मूळ लेखकाने ज्याला थकलेला म्हणून उभे केले होते, त्याला मी एका क्रियापदाने दारुडा ठरवले होते. पुढच्या आवृत्तीत त्याचे पाय लटपटले आणि त्याने भिंतीचा आधार घेतला.

यावर उत्तर येते की म्हणूनच ‘लडखडणे’ बरे, ते कोणावर आरोप करत नाही. खरे आहे. पण ते काही दाखवतही नाही. जिथे लेखकाने कारण मुद्दाम झाकून ठेवले आहे, तिथे ‘त्याचा तोल जात होता’ एवढे पुरते. बाकी ठिकाणी ही तटस्थता म्हणजे न वाचता पुढे सरकण्याची सोय.

तोच शब्द कामाच्या वेळांना लागला की ‘टप्प्याटप्प्याने’ होतो, आकड्याला लागला की ‘डोळे फिरवणारा’. तिथे आपण अर्थ पाहून शब्द बदलतो, कारण ‘लडखडत्या वेळा’ छापल्या तर लोक हसतील. भुकेल्या माणसाच्या चालीला कोणी हसत नाही, म्हणून ती चूक तशीच छापून जाते.

संपादकांना एवढीच विनंती: अनुवादात ‘लडखडणे’ दिसले की समासात लिहा, ‘कशाने?’ उत्तर न देणाऱ्या अनुवादकाला पान परत पाठवा. माझेही.