बाग लावणे आणि बाग राखणे

पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान शालेय सहलींना नवे नाही. सुमारे दहा एकरांतील हे उद्यान ‘पुणे-ओकायामा मैत्री उद्यान’ म्हणूनही ओळखले जाते. तळे, छोटे पूल आणि हिरवळ पाहून मुले हरखतात, छायाचित्रे निघतात आणि गाडी पुढच्या ठिकाणाकडे वळते. शेळगावच्या मुलांनी तेथून छायाचित्रांखेरीज आणखी काही आणावे, असे मला वाटते.

हे उद्यान जपानमधील ओकायामा शहरातील कोराकुएन बागेवरून बेतलेले आहे. सरदार इकेदा त्सुनामासा यांनी १६८७ साली ती बाग उभारण्यास प्रारंभ केला आणि १७०० साली ती पूर्ण झाली. राजघराण्याची ही खासगी बाग १८८४ मध्ये सर्वसामान्यांसाठी खुली झाली. हिवाळा सरताना प्लम, वसंतात साकुरा, पुढे आयरिस व कमळे आणि शेवटी मेपलची लाल पाने, असा तेथील ऋतुक्रम आहे. विशेष म्हणजे त्याच बागेत भाताचे खाचर आणि चहाचा मळाही आहे. शेती ही सौंदर्याच्या कुंपणाबाहेरची गोष्ट तेथे मानली गेली नाही. ऊस आणि डाळिंबाच्या शिवारातून आलेल्या आपल्या मुलांना हे अवश्य सांगावे.

१९३४ च्या महापुरात आणि १९४५ च्या बॉम्बवर्षावात या बागेची मोठी हानी झाली. तरीही जुनी चित्रे व नोंदी जपलेल्या असल्यामुळे ती पूर्ववत उभी करता आली.

आपल्याकडे वृक्षारोपण उत्साहाने होते. परंतु अनेक ठिकाणी दरवर्षी त्याच खड्ड्यात नवे रोप लागते. गेल्या वर्षीच्या रोपाचे काय झाले, हे कोणी विचारत नाही. पाणी कमी, ही अडचण खरीच. मात्र निवासी शाळेत स्नानाचे सांडपाणी रोजचेच असते. त्यावर काही झाडे निश्चित जगतील.

म्हणून एक सूचना मांडतो. फाल्गुनात पळस व पांगारा, वैशाखात बहावा, पावसाळ्यात कदंब, शरदात पारिजातक, अशी ऋतूंनुसार फुलणारी मोजकीच झाडे शाळेच्या आवारात लावावीत. प्रत्येक झाडाची जबाबदारी एका तुकडीकडे असावी. लागवडीची तारीख, पहिले फूल, मेलेले रोप, हे सारे एका वहीत लिहावे आणि शाळा सोडताना ती वही पुढच्या तुकडीच्या हाती द्यावी. माजी विद्यार्थ्यांनी देणगीबरोबर वर्षातून एक दिवस या झाडांसाठी द्यावा. साकुराची फुले आठ-दहा दिवसांत गळून जातात. अनित्यतेचा तो धडा आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. मात्र पुढच्या वर्षी ती फुलतात, कारण मधल्या काळात झाड कोणीतरी राखलेले असते. आपल्या आवारात हे राखणदार आपणच व्हावयाचे आहे.