विश्लेषण : डिस्क ६ गिगाबिटची, मदरबोर्ड ३ गिगाबिटचा, चालेल का?

जुना संगणक रखडू लागला की दुकानदार हमखास सांगतो, ‘एसएसडी टाकून घ्या.’ सल्ला बरोबरच असतो. पण नव्या डिस्कवर ‘साटा ६ गिगाबिट’ लिहिलेले असते आणि घरातला मदरबोर्ड बारा-तेरा वर्षांपूर्वीचा असतो. मग मदरबोर्डही बदलावा लागेल, असे सांगणारेही भेटतात. ते घाईचे आहे.

साटाच्या तीन पिढ्या आहेत : सेकंदाला १.५, ३ आणि ६ गिगाबिट. तिन्हींची केबल आणि खाच सारखीच. संगणक सुरू होताना डिस्क आणि बोर्ड आपसात वेग ठरवतात आणि दोघांपैकी जो कमी, त्यावर काम चालते. अपवाद आहेत. व्हीआयए कंपनीच्या काही जुन्या चिपसेटना ३ गिगाबिटची डिस्क ओळखताच येत नसे, म्हणून त्या काळच्या अनेक डिस्कवर वेग १.५ वर बांधून ठेवणारा छोटा जंपर असे.

आता आकड्यांचा घोळ. गिगाबिट म्हणजे गिगाबाइट नव्हे. साटावर प्रत्येक ८ बिटसाठी १० बिट पाठवले जातात. त्यामुळे ६ गिगाबिटचे प्रत्यक्षात सेकंदाला ६०० मेगाबाइट होतात, ३ गिगाबिटचे ३००. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी तबकडीची हार्ड डिस्क साधारण दीडशे ते अडीचशे मेगाबाइट देते. म्हणजे तिला ३ गिगाबिटचा रस्ताही पुरून उरतो. अशी डिस्क घेताना ‘६ गिगाबिट’ या शब्दांसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

एसएसडीचे वेगळे. ती साटावर ५५० मेगाबाइटपर्यंत जाते. इंटेलच्या एच६१ चिपसेटमध्ये, जो आपल्याकडच्या असेम्बल्ड संगणकांत सर्रास दिसतो, ६ गिगाबिटचा एकही साटा पोर्ट नाही. तिथे ती निम्म्यावर येईल. तरीही बसवावी. संगणक संथ वाटतो तो मुख्यतः शेकडो बारीक फायली शोधताना तबकडीवरची सुई इकडून तिकडे धावते म्हणून. एसएसडीत सुईच नसते. एच८१ बोर्डावर मात्र दोन पोर्ट ६ चे आणि दोन ३ चे असतात. तिथे केबल कुठे खोचली आहे ते पाहायलाच हवे. दुकानात हे क्वचितच पाहिले जाते.

खरे पैसे वाया जातात ते एम.२ खाचेपाशी. एकाच आकाराच्या पट्टीत साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार येतात. काही खाचा एकच प्रकार ओळखतात. चुकीची पट्टी बसते, पण दिसत नाही. चौथ्या पिढीची, ७००० मेगाबाइटची पट्टी तिसऱ्या पिढीच्या खाचेत चालते, पण साडेतीन हजारांच्या आसपास थांबते. शिवाय काही बोर्डांवर एम.२ भरली की एखादा साटा पोर्ट बंद होतो आणि जुनी डिस्क ‘खराब’ ठरवली जाते!

हे सगळे बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेले असते. मॉडेलचे नाव बोर्डावरच छापलेले असते. साटा डिस्क बसवल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये ‘ट्रान्सफर मोड’ पाहा. तिथे ‘साटा/३०० | साटा/६००’ दिसले, तर पहिला आकडा सध्याचा आणि दुसरा डिस्कच्या क्षमतेचा. बोर्डावर ६ गिगाबिटचा पोर्ट मोकळा असेल, तर केबल तिथे हलवा.