३७,५०० रुपयांत म्हैस आणून दाखवा



‘पूरग्रस्त पशुपालकांची चांदी झाली’ हे गेल्या अंकातील पत्र वाचून हसावे की रडावे कळेना. मेलेल्या दुभत्या जनावरामागे ३७,५०० रुपये मिळतात. पत्रलेखकांनी तेवढ्यात दुसऱ्या वेताची चांगली म्हैस आणून दाखवावी! सप्टेंबर २०२५च्या पुरानंतर राज्य सरकारने या मदतीवरची तीन जनावरांची मर्यादा उठवली, ते बरेच झाले. पण घोडे अडते पंचनाम्यात. सीना नदीच्या पुराने दाव्यासकट ओढून नेलेल्या गाईचे शवविच्छेदन कुठून आणायचे? कानातला पिवळा बिल्लाही तिच्याबरोबरच गेला. त्या बिल्ल्याचा नंबर सरकारच्याच संगणकात आहे. तोच पुरावा धरा. भिजून काळा पडलेला कडबा आणि बुडालेला दुधाचा पगार तर या ३७,५००मध्ये धरलेलाच नाही.

— एक दूध उत्पादक, परंडा (जि. धाराशिव)